आठशे मीटर आणि बाकीचा रस्ता

“मॅडम, घरी तेवढं कळू देऊ नका.”

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या मुलींकडून ऐकलंय की पुढची गोष्ट आता न सांगताच कळते. या वेळची मुलगी बारावी झालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे पाचला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पळते. चार दिवस एक मोटरसायकल तिच्या मागं होती. गाडीवर दोन पोरं, नंबर प्लेटवर फडकं बांधलेलं. त्यांनी अंगाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. तिच्या बरोबरीनं गाडी सावकाश चालवायची आणि मागच्यानं मोबाइल काढून तिचं टायमिंग मोजायचं नाटक करायचं. “तीन मिनिटं झाली की गं. दम लागला का?” पाचव्या दिवशी ती पळायला गेली नाही. सहाव्या दिवशी गेली आणि अर्ध्यातून परतली. सातव्या दिवशी माझ्याकडं आली.

घरी सांगितलंस का, म्हणून विचारलं, तर वरचं वाक्य.

तिला गाडीची भीती होतीच. पण त्याहून मोठी धास्ती घरची होती. बाप मारकुटा नाही, उलट त्यानंच हप्त्यावर बूट घेऊन दिलेत. धास्ती ही की बाप काळजी करील, आणि मुलीची काळजी करायची आपल्याकडं एकच रीत ठाऊक आहे: तिला घरात घ्यायचं. आधी पळणं बंद, मग अकॅडमी बंद, आणि दोन-तीन महिन्यांत बघायला पाहुणे.

एकटीनं पळणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेवर बोलायचं तर मला इथून बोलायचंय. छेड काढणाऱ्याला काही होत नाही, सांगणारीचं पळणं मात्र बंद होतं. हा हिशेब आमच्या पोरींना गणिताच्या पेपरापेक्षा पक्का कळलेला आहे. म्हणून त्या सांगत नाहीत. त्या सांगत नाहीत म्हणून ठाण्यात नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून ‘आपल्याकडं तसलं काही नाही’ असं सरपंचापासून साहेबापर्यंत सगळ्यांना म्हणता येतं.

पुण्या-मुंबईकडं बायकांच्या पळण्याचा विषय निघाला की मॅरेथॉन, मनगटावरची घड्याळं, तब्येत असं बोलणं होतं. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या परिसरात किंवा हिमायतबागेत सकाळी गेलात तर थोडंफार तेही दिसेल. पण तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर आत आलात की पळण्याचा अर्थ बदलतो. इथं मुलगी पळते ती नोकरीसाठी. भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण. त्यात मुलींना आठशे मीटरचे २०, शंभर मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. आठशे मीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत मारलं तर पूर्ण वीस. पुढं प्रत्येक दहा सेकंदांना गुण गळत जातात. ग्राउंड निघालं तरच पेपर. शासनानं नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के जागा ठेवल्या हे उत्तमच केलं, पण त्या जागेपर्यंत पोचायचं तर आधी हे अंतर पळावं लागतं, आणि ते कुठं पळायचं याचा विचार कुणीच केलेला नाही.

त्या आठशे मीटरवर आमच्याकडं काय काय टांगलेलं आहे तेही पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं त्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघालं. बीड जिल्ह्यात ते ४३.७, परभणीत ४८. म्हणजे आमच्या वर्गातल्या जवळजवळ निम्म्या मुली. भरतीची तयारी करणारी पोर घरात म्हणू शकते, “एक भरती देऊ द्या, मग बघू.” या एका वाक्यावर तिला दोन-तीन वर्षं मिळतात. पहाटेची मोटरसायकल ती दोन वर्षं काढून घेते. पोरांना हे माहीत नसतं. ती नुसती मजा करत असतात, आणि त्यांच्या मजेची किंमत दुसरं कुणी मोजतं.

आता सल्ल्यांकडं येते. मीसुद्धा ते दिलेत, म्हणून आधी स्वतःवरच हसते. ‘रोज रस्ता बदलत जा.’ गावाला रस्ताच एक. दोन्ही अंगांना काळं रान. पाऊस पडला की बुटाला दोन-दोन किलो चिखल आणि उन्हाळ्यात पाय मुरगळतील अशा भेगा. ‘उजाडल्यावर पळ.’ उजाडल्यावर रस्त्यावर काळीपिवळी, ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, दुधाच्या गाड्या, आणि घरी तिचीच वाट पाहणाऱ्या भाकरी. ‘भावाला सोबत ने.’ भाऊ चाकणला कंपनीत. ‘कानात हेडफोन घालू नको.’ हा चांगला सल्ला आहे, निदान मागनं येणारी ट्रॉली ऐकू येते. ‘मोबाइलचं लोकेशन कुणाला तरी पाठवून ठेव’, ‘पोलिसांच्या मदतीचा ११२ नंबर पाठ ठेव’, हेही करावं, मी मुलींकडून करून घेते. ‘ढगळ कपडे घाल, वरून ओढणी घे.’ ओढणी घेऊन दोन पन्नास काढून दाखवा म्हणावं.

सल्ल्यांत वाईट काही नाही. पण सगळे सल्ले एका बाजूला जमा झालेत. मुलीनं वेळ बदलायची, रस्ता बदलायचा, कपडे बदलायचे, सोबत शोधायची. गाडीवरच्या पोरांनी काय बदलायचं, याचा एकही सल्ला मला कुणी दिलेला आठवत नाही.

आमच्या गल्लीत एक नाना आहेत. सत्तरी ओलांडलेले, माळकरी, सरळ माणूस. ते म्हणाले, “बाई, तुमचं खरंय. पण अंधारात पोरीनं एकटं जावंच कामून? लेकीची जात.” नानांच्या भीतीला मी हसणार नाही, कारण तिला आधार आहे. २०२२ च्या जानेवारीत आयर्लंडमध्ये टल्लामोर गावाजवळ कालव्याच्या काठानं पळायला गेलेल्या तेवीस वर्षांच्या शिक्षिकेचा खून झाला. तेव्हा दुपारचे चार वाजले होते, उजेड होता, वाट रोजच्या वापरातली होती. सल्ल्यांच्या यादीतली एकही चूक तिनं केलेली नव्हती. ती तर पळायला गेली होती, एवढंच तिथले लोक पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. असं कुठंही घडू शकतं. माझं म्हणणं इतकंच की ‘वेळ चुकली, वाट चुकली’ या समजुतीनं आपण स्वतःला धीर देतो, मुलीला त्यातून काही मिळत नाही.

आणि नाना, अंधाराचं म्हणाल तर आपल्या बायका अंधारात कधी नव्हत्या? दसरा-दिवाळी झाली की याच जिल्ह्यातून कोयते, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडपी, बाहेर पडतात. ऊसतोडीला गेलेली बाई पहाटे तीनला उठून फडात जाते. रात्री गाडी लागली तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिला कुणी म्हणतं का, अंधार आहे, जाऊ नको? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात रात्री-अपरात्री हंडे घेऊन कोण उभं होतं? भाजीवाल्या मावश्या पहाटे चारला मोंढ्याच्या वाटेला लागतात. संडास नव्हते तेव्हा, आणि काही घरांत आजही, उजाडायच्या आत आडोसा गाठणाऱ्या आपल्याच आया-बहिणी. गावाच्या बाहेरचा काळोख त्यांच्याइतका कुणाला ओळखीचा असेल?

डोक्यावर हंडा, मोळी, पाटी असली की अंधारातली बाई कुणाला खुपत नाही. ती रिकाम्या हातांनी, स्वतःसाठी, अंग मोकळं टाकून पळायला लागली की सगळ्यांना एकदम तिच्या सुरक्षिततेची आठवण होते. आपल्या काळजीचा मोठा भाग सुरक्षिततेचा नसून या रिकाम्या हातांचा आहे, असं मला हल्ली वाटायला लागलंय. कामाला निघालेली बाई कुणाची तरी असते. पळणारीचं नातं रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तो विचारतो, अडवतो किंवा गाडी हळू करतो.

हे काही आमच्याच मातीचं वैशिष्ट्य नाही. हीच आठशे मीटरची शर्यत १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा पळाल्या. जर्मनीच्या लीना राडके हिनं २ मिनिटं १६.८ सेकंदांत ती जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी धापा टाकत खाली बसल्या, एवढ्यावर वर्तमानपत्रांनी रान उठवलं की हे अंतर स्त्रीच्या शरीराला झेपत नाही. पळून आल्यावर पुरुषही धापा टाकतात, पण ते असो. बायकांची आठशेची शर्यत काढून टाकली ती थेट १९६० ला रोममध्ये परत आली. बत्तीस वर्षं! आणि तीसुद्धा काळजीपोटीच बंद केलेली होती बरं का. आज त्याच आठशे मीटरवर आमच्या शासनानं वीस गुण ठेवलेत.

दुसरं एक उदाहरण जवळचं आहे आणि लिहिताना जड जातं. २०२५ च्या जानेवारीत बीड-परभणी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ सकाळी भरतीचा सराव करणाऱ्या तीन तरुणांना एसटीनं चिरडलं. जिल्हा हळहळला. बस, रस्ता, मदत, सरावाला मैदान नसणं, सगळ्याची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ‘पोरांनी पहाटे पळायला जाऊच नये’ असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. हीच नजर मुलींच्या बाबतीत का फिरते? मुलाला रस्त्यावर धोका असला की रस्त्याचं बघायचं, मुलीला असला की मुलीचं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आमचा सगळ्यांचा अभिमान. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. लहानपणी तो सहा किलोमीटर चालत-पळत शाळेला जायचा, ही गोष्ट स्नेहसंमेलनाला आलेला प्रत्येक पाहुणा सांगतो. समोर मुलीही बसलेल्या असतात. मला दर वेळी वाटतं, त्या सहा किलोमीटरवर एखादी सातवीतली पोर रोज एकटी पळत गेली असती, तर पदकाच्या किती तरी आधी तिच्या बापाला पारावर काय काय ऐकावं लागलं असतं?

आमच्या रस्त्यांना पळणाऱ्या माणसाचा मान राखता येत नाही असंही नाही. घटस्थापनेच्या आदल्या रात्री तुळजापूरच्या वाटेवर उभं राहून बघा. गावोगावची मंडळं भवानीची ज्योत घेऊन पळत निघतात. एक दमला की दुसरा ज्योत घेतो, मागं टेम्पो, टेम्पोवर कर्णा. समोरून येणारा ट्रकवाला गाडी बाजूला घेतो, हॉटेलवाला चहा पाजतो, कुणी पाया पडतं. रात्रभर रस्ता त्यांचा असतो. ज्योत देवीची आणि पळणारी बहुतेक पोरं. नऊ दिवस हे कौतुक करून दहाव्या दिवशी तीच पोरं सीमोल्लंघनाला जातात आणि अकराव्या दिवशी त्या तीस पोरांतलीच दोन मोटरसायकलवर असतात. सगळी नव्हे, दोनच. पण बाकीची अठ्ठावीस त्या दोघांना ओळखत असतात आणि गप्प बसतात. माझा राग त्या अठ्ठावीसांवर जास्त आहे.

कायदा नाही म्हणावं तर तोही आहे. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१३ साली पाठलाग हा वेगळा गुन्हा झाला. आता भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, मात्र जामीनपात्र. पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. आमच्याकडं या कायद्याचा वापर कसा होतो ते मी एकदा जवळून पाहिलं. एका मुलीनं धीर करून नाव सांगितलं. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एका बैठकीत बसली. मुलगाही भरतीचीच तयारी करणारा निघाला. गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत अडकेल, पोराचं आयुष्य बरबाद होईल, यावर तास-दीड तास चर्चा झाली. शेवटी त्यानं “ताई, चुकलं” म्हटलं आणि चहा आला. मुलीच्या आयुष्याचं काय, हा विषय निघालाच नाही. ती पुढच्या आठवड्यापासून पळायला आली नाही. तो येत होता.

माझ्या मते तो चारित्र्य पडताळणीचा धाकच खरं तर कामाचा आहे. भरतीच्या अकॅडम्या गावोगाव निघाल्यात. प्रत्येक सर पहिल्या दिवशी पोरांना गोळा कसा धरायचा ते दाखवतात. त्याच दिवशी हेही बजावा की पळणाऱ्या मुलीच्या आडवी गाडी घातली तर खाकीचं स्वप्न तिथंच संपलं, आणि तक्रार द्यायला मी स्वतः तिच्यासोबत ठाण्यात येईन. ज्याला उद्या वर्दी घालून दुसऱ्याच्या लेकीची फिर्याद लिहून घ्यायची आहे, त्याला एवढं आज ऐकवणं जास्त होत नाही.

बाकी उपाय विचाराल तर ते फार भारी नाहीत, हीच चीड येणारी गोष्ट आहे. स्वच्छतेच्या मोहिमेत सरकारनं गुड मॉर्निंग पथकं काढली होती, आठवतं? माझे यजमान झेडपीचे मास्तर. एक अख्खा हिवाळा ते पहाटे साडेचारला मफलर गुंडाळून, गळ्यात शिट्टी अडकवून गावाच्या वेशीवर उभे होते. सोबत ग्रामसेवक, कधी पोलीस पाटील, कधी पंचायत समितीची जीप. टमरेल घेऊन निघालेल्याला गुलाबाचं फूल द्यायचं, ऐकलं नाही तर टमरेल जप्त. त्यावर आम्ही घरात पुष्कळ हसलो. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. शासनाला पहाटे साडेचारला गावाच्या वेशीवर उभं राहता येतं. टमरेलासाठी राहता येतं तर मुलींसाठीही येईल. पोलिसांच्या दामिनी पथकाची गाडी मी पाहते ती कॉलेज भरताना आणि सुटताना. तीच गाडी आठवड्यातून दोन पहाटे भरतीच्या पोरी पळतात त्या रस्त्यावरून फिरली, तरी नंबर प्लेटवरची फडकी गळून पडतील.

आणि मैदानं. तालुक्याला क्रीडा संकुल असावं हे शासनाचं धोरण जुनं आहे. आमच्या जवळच्या संकुलाला कुंपण आहे, कमान आहे, कमानीवर नावं आहेत, आणि फाटकाला कुलूप आहे. दिवसा आत शेळ्या चरतात, त्यांना कुठून वाट सापडते देव जाणे. शाळेचं मैदान पाचला उघडलं आणि खांबावर दोन दिवे लावले, तर पोरींना हायवेवर जावंच लागणार नाही. दोन दिव्यांना ग्रामपंचायतीला किती खर्च येतो हे वेशीवरच्या कमानीचं बिल पाहिलेल्या माणसानं मला विचारू नये.

दिव्यापेक्षाही वर्दळ मोठी. लातूरच्या ट्यूशन एरियात रात्री नऊलाही मुली पाठीवर दप्तरं घेऊन रस्त्यानं जाताना दिसतात. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. पण शेकडो मुली, चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकानं आणि मेसवाल्या काकू असलेला रस्ता आणि एकट्या पोरीचा रस्ता यांत फरक पडतोच. आमच्याकडं पहाटे फिरायला जाणारे पुरुष पुष्कळ आहेत, बायका नाहीत. शुगर असलेल्या, गुडघे धरलेल्या माझ्या वयाच्या बायकांना डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात, चाला. आम्ही घराच्या गच्चीवर येरझाऱ्या घालतो. आम्ही रस्त्यावर उतरलो तर आमची शुगर उतरेल आणि पोरींना सोबतही होईल, बॉडीगार्ड म्हणून नव्हे, नुसत्या असण्याची.

मुलींनी कराटे शिकावं, असं एका सत्कारात एक पुढारी म्हणाले. शिकावं की. पण भरतीच्या यादीत कराटेला गुण नाहीत, आणि चार जणांशी मारामारी करून मग आठशे मीटर पळायचं अशी चाचणी पोरांना कुठं आहे?

घरच्यांशी बोलणं मला सगळ्यात अवघड जातं. त्या मुलीच्या बापाला मी शेवटी भेटले, तिची परवानगी घेऊन. आधी त्याच्याकडून एक शब्द घेतला: जे सांगीन ते ऐकून पोरीचं पळणं बंद करायचं नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मॅडम, आमचं मन होईना. उद्या काही झालं तर लोक मलाच म्हणतील, कामून पाठवली.” मी म्हटलं, लोक म्हणतील ते तुम्ही ऐका, पोरीला ऐकायला लावू नका. हे बोलणं सोपं होतं, मला काही माझी मुलगी त्या रस्त्यावर पाठवायची नाही. ती पुण्यात आहे आणि जिममध्ये पट्ट्यावर पळते. हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्यानं शब्द दिला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिच्यासोबत वेशीपर्यंत आला आणि पारावर बसून राहिला. मोटरसायकल त्या दिवशी आली नाही. रोज बसणं त्याला जमणार नाही, त्याला रोजगाराला जायचं असतं.

म्हणून आम्ही तिघी-चौघी मिळून शाळेत गेलो. मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की संस्थेला विचारावं लागेल, काही झालं तर जबाबदारी कुणाची, आणि मैदानावरच्या रोपांना पाणी घातलेलं असतं. शेवटी लेखी अर्ज घेतला. त्यावर चार आयांच्या सह्या आणि एक अंगठा आहे. फाटकाची किल्ली पंधरा दिवसांसाठी माझ्या नावावर मिळाली आहे, प्रायोगिक तत्त्वावर. पहिल्या दिवशी चार मुली आल्या, काल तेरा होत्या. एक आई चपलांवरच दोन फेऱ्या चालली. आज अकरावा दिवस.